आईच्या गोळ्यांची पिशवी



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक क्षेत्रातील अनुभव’ असं छापलंय. बाईंची परवानगी घेऊन विषय थोडा बदलते. सकाळी चहाच्या वेळी आपण काय बोलत होतो आठवतंय? तुला शुगर कधी निघाली, थायरॉईडची गोळी कितीची. आणि त्याहून जास्त, आईवडिलांच्या गोळ्या.

माझी आई इथे एकटी राहते, मी पुण्यात. तिला ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉईड, सगळंच आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिच्या गोळ्या एका ॲपवर लावून टाकल्या. दर महिन्याला आपोआप ऑर्डर, आपोआप पैसे, डबा घरपोच. एकदा लावलं की बघायला नको. पेशाच तो आमचा!

मग तिला चक्कर यायला लागली. ती म्हणायची, ऊन लागलं असेल. मीही फोनवर ‘असेल’ म्हणायची. एका सकाळी मोरीत भोवळ येऊन पडली आणि मनगट मोडलं. दुखण्याची गोळी आणायला शेजारच्या मुलीबरोबर स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेली, तेव्हा दुकानातले काका म्हणाले, “वहिनी, बी.पी. असताना ही गोळी अशीच नाही देत मी. बाकीच्या कुठल्या चालू आहेत? पिशवी आणा बघू.”

पिशवीत वेगळ्या नावांच्या, वेगळ्या रंगांच्या दोन पट्ट्या निघाल्या. काकांनी त्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींत टेल्मिसार्टन ४०. नव्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची लिहून दिली होती, ती आईने दवाखान्यातल्याच दुकानातून घेतली. जुनी माझ्या ॲपवरून येतच होती. म्हणजे दोन महिने ती दुप्पट गोळी घेत होती, आणि तिचे पैसे न चुकता मी भरत होते. काकांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक गोळी बंद केली. चक्करही थांबली.

आता गोळ्या काकांकडूनच येतात. त्यांच्या दोनशे पानी वहीत आईचं एक पान आहे: कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी दिली. संपायच्या आठवडाभर आधी ते फोन करतात. डॉक्टरांनी काही बदललं की आई चिठ्ठी आधी त्यांना दाखवते. मनगटानंतर सुरू झालेलं कॅल्शियम ती थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेत होती, तेही तिथेच कळलं. थायरॉईडची पहाटे उपाशीपोटी घ्यायची, कॅल्शियम चार तासांनी. नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. सुटी पट्टी घेतली तर कापताना मुदतीची तारीख छापलेला तुकडा ते आपल्याला देतात. ॲपवर सूट जास्त मिळायची, हे खरंय. पण मूळ नाव माहीत झाल्यावर शुगरची गोळी आम्ही जनऔषधी केंद्रातून घेतो. तीही काकांनीच सुचवली, स्वतःचं गिऱ्हाईक घालवून.

काका आता सत्तरीला आलेत. मुलगा बंगळुरूला, माझ्याच क्षेत्रात. दिवाळीत मी म्हटलं, काका, तुमची वही मी कॉम्प्युटरवर घालून देते, फुकट. वही मिटत ते म्हणाले, “घाल की. पण पिशवी कोण बघणार?”