चार कोपऱ्यांची साक्ष

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या बाजारात एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. हॅसलब्लॅडची ५० मिलिमीटरची वाइड लेन्स कुणीतरी हौसेनं घेतो. काच लख्ख, शटर ठणठणीत. पहिला रोल धुऊन येतो, तर टेकडीवरच्या देवळाचा दगड न् दगड मोजता येतो आणि चारही कोपऱ्यांतली झाडं मात्र शेवाळासारखी पुसट. घेणारा विकणाऱ्याला फोन लावतो. विकणारा म्हणतो, माझ्याकडे तर छान चालत होती. गंमत अशी, की पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात.

या लेन्सच्या १९८०च्या दशकातल्या सुधारित अवताराला, म्हणजे नावात एफएलई ही अक्षरं असलेल्या डिस्टॅगॉनला, फोकसच्या रिंगखेरीज पुढे आणखी एक रिंग असते. तिच्यावर अंतराचे टप्पे कोरलेले असतात, अगदी जवळपासून थेट अनंतापर्यंत. आधी ही रिंग योग्य टप्प्यावर आणायची, मग फोकस करायचा, हा क्रम. आधीच्या मालकानं शेवटचा फोटो फुलाचा काढलेला असतो, रिंग जवळच्या टप्प्यावरच राहते, आणि नवा मालक त्याच अवस्थेत डोंगर टिपतो. मध्यभाग तरीही चांगला येतो. दंड भरावा लागतो तो कोपऱ्यांना. रिंगकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण बाकीच्या बहुतेक लेन्सना ती नसते.

ती मुळात का लागली, ही गोष्ट आरशापासून सुरू होते. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो, त्याला जागा हवी. ५० मिलिमीटरची साधी लेन्स फिल्मच्या इतकी जवळ बसवावी लागेल, की आरसा तिच्यावर आपटेल. त्यावरचा तोडगा म्हणजे पुढे अंतर्वक्र भिंगांचा संच आणि मागे बहिर्वक्र भिंगांचा. १९५०मध्ये पिएर आंजेन्यूच्या फ्रेंच कंपनीनं अशी ३५ मिलिमीटरची लेन्स ‘रेट्रोफोकस’ या नावानं विकायला काढली, आणि कंपनीचं ते नाव पुढे साऱ्या जातीलाच चिकटलं. डिस्टॅगॉन हे झाइसचं त्याच जातीचं नाव. या रचनेत पुढचा आणि मागचा भाग एकमेकांसारखे नसतात, म्हणून अनंतासाठी साधलेला समतोल जवळच्या विषयावर बिघडतो. प्रतिमेचं प्रतल बशीसारखं वाकतं. भिंगांच्या संचांमधलं अंतर थोडं बदललं, की ते पुन्हा सरळ होतं. निकॉननं १९६७च्या २४ मिलिमीटर लेन्समध्ये हे काम फोकसच्या रिंगलाच जोडून टाकलं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हॅसलब्लॅडच्या या लेन्समध्ये ते हातानं करावं लागतं. मामियाच्या आरबी ६७मध्ये तर वेगळा इलाजच नव्हता: फोकस कॅमेऱ्याच्या भात्यानं होतो, लेन्सला अंतराचा पत्ताच नसतो, त्यामुळे काही वाइड लेन्सवरची रिंग वापरणाऱ्यानंच फिरवायची.

आरसाच काढून टाकला तर? हॅसलब्लॅडनं १९५४मध्ये नेमकं तेच केलं. लुडविग बर्टेलेच्या रचनेची ३८ मिलिमीटरची बिओगॉन एका वेगळ्या सुपरवाइड कॅमेऱ्यावर बसवली, फिल्मच्या अगदी जवळ. तिचे कोपरे आजही हेवा वाटावा असे येतात. पण त्या कॅमेऱ्यात लेन्समधून पाहून फोकस करण्याचं सुख नाही, अंतर बहुतेक वेळा अंदाजानंच लावायचं.

रिंग योग्य जागी असूनही कोपरे रुसलेलेच राहिले, तर मग रीतसर उलटतपासणी. पहिला प्रश्न एकच: चारही कोपरे सारखे मऊ, की एकच बाजू? चारही सारखे असतील तर संशय रचनेवर, अ‍ॅपर्चरवर किंवा प्रतलाच्या वाकण्यावर. एकच बाजू असेल तर काहीतरी तिरकं बसलंय. लेन्स दोषी ठरवण्याची घाई मात्र नको, कारण कितीतरी वेळा तिरका असतो तो कॅमेऱ्यासमोर उभा केलेला पुरावाच.

त्यासाठी भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवायची, शक्यतो छोट्या जाहिरातींची. वधू-वरांच्या बारीक टाइपाइतकी निर्दय परीक्षा दुसरी नाही. भिंतीला मधोमध एक छोटा आरसा सपाट लावायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं, तर कॅमेरा भिंतीला समांतर आहे. मग एफ/४ आणि एफ/११ अशा दोन्ही अ‍ॅपर्चरवर फोटो, आणि तेच पुन्हा कॅमेरा उलटा करून. मऊपणा भिंतीच्याच बाजूला राहिला तर चूक मांडणीची. कॅमेऱ्याबरोबर फिरला तर कॅमेऱ्याची किंवा लेन्सची. एफ/४वरचे मऊ कोपरे एफ/११ला मध्यभागाच्या जवळ येत असतील, तर तो वाइड लेन्सचा स्वभाव समजावा. सुधारेल या आशेनं एफ/२२पर्यंत जाण्यात अर्थ नाही. तिथे प्रकाशाच्या विवर्तनानं प्रत्येक बिंदूची सुमारे ०.०३ मिलिमीटरची चकती होते आणि सगळी फ्रेमच हळूहळू मऊ पडते.

मग येतो फिल्मबॅक, आणि इथेच पुष्कळ निरपराध लेन्स सुटतात. १२० फिल्म म्हणजे कागदाला पाठ लावून गुंडाळलेली पट्टी. हॅसलब्लॅडच्या बॅकमध्ये ती रोलरवरून उलट्या दिशेनं वळते. रोल चार दिवस तसाच पडून राहिला, की त्या वळणाला बाक धरतो आणि तो भाग पुढच्या फ्रेममध्ये फुगून येतो. एफ/४ला फिल्म ठोकळमानानं ०.२ मिलिमीटर पुढे-मागे झालेली चालते, त्यापलीकडे नाही. म्हणून दुसऱ्या बॅकनं तोच फोटो काढून पाहणं ही सर्वांत स्वस्त चाचणी. जुना बॅक घेताना आतल्या सांगाड्यावरचा तीन आकडी क्रमांक बाहेरच्या क्रमांकाच्या शेवटाशी जुळतो का, तेही पाहावं; दोन बॅकची भेसळ करून विकलेला माल कमी नसतो.

आणि स्कॅनर! बाक आलेली निगेटिव्ह फ्लॅटबेडच्या होल्डरमध्ये कमानीसारखी उभी राहते, मध्य शार्प नि कडा पुसट. लाइटबॉक्सवर दहापट लूप लावून मूळ निगेटिव्ह पाहिली, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील. डार्करूमवाल्यांचीही हीच गत: ३५ मिलिमीटरसाठीची ५० मिलिमीटरची एन्लार्जर लेन्स ६×६ निगेटिव्हला पुरत नाही, त्यासाठी ७५ किंवा ८०ची हवी.

एवढ्यातून तावून सुलाखूनही एकच बाजू सतत मऊ येत असेल, तर लेन्स कधीतरी उघडली गेली असणार. या लेन्समध्ये शटर भिंगांच्या दोन संचांमध्ये बसतं. ते म्हातारपणी मंदावतं, आणि त्याला तेलपाणी करायचं तर भिंगं काढावी लागतात. परत बसवताना एखादी कागदासारखी पातळ चकती हरवते, एखादा संच केसभर तिरका बसतो. कड्यांच्या खाचांवरचे ओरखडे आणि झिजलेली स्क्रूची डोकी हे त्याचे पुरावे. कोकणच्या पावसाळ्यात लागणाऱ्या बुरशीवर मात्र उगाच आळ येतो. ती प्रामुख्यानं कॉन्ट्रास्ट खाते. एकच कोपरा निवडून मऊ करणं तिला सहसा जमत नाही.

तिरकं भिंग सरळ करायला कोलिमेटर असलेला कारागीर लागतो, आणि त्याची मजुरी ऐकून बरेच जण लेन्स आहे तशीच ठेवतात. ५६ मिलिमीटरच्या चौकोनातून ८×१० इंची प्रिंट काढताना एक पंचमांश भाग तसाही कापला जातो. मऊ बाजू कोणती हे एकदा कळलं, की फ्रेम लावतानाच ती त्या कात्रीखाली ठेवता येते.