चेहरा हाच परवलीचा शब्द?

(कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

संगणकासमोर बसावे, त्याने क्षणभर चेहरा न्याहाळावा आणि परवलीचा शब्द न टंकता काम सुरू व्हावे, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली ‘विंडोज हॅलो’ या नावाने ही सोय बाजारात आणली. त्यापूर्वीही काही लॅपटॉपांत ती होती; पण तिची लायकी २००९ साली हनोई येथील तंत्रविद्यापीठाच्या बीकिस केंद्रातील व्हिएतनामी संशोधकांनी उघडी पाडली. लेनोवो, आसुस आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांच्या संगणकांपुढे त्यांनी मालकाऐवजी त्याचे छायाचित्र धरले, आणि कुलूप उघडले!

आजचे यंत्र इतके भोळे नाही. त्यातील कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून चेहरा पाहतो, आणि कागदावरील किंवा पडद्यावरील साधे चित्र त्या प्रकाशात टिकत नाही. चेहऱ्याच्या ठेवणीचा एक आकडेबद्ध आराखडा संगणकातच साठवला जातो. छायाचित्र साठवले जात नाही, आणि आराखडा कंपनीकडे पाठवला जात नाही, असे कंपनी सांगते. चेहरा जुळला की सुरक्षा-चिपमध्ये ठेवलेली चावी वापरात येते. परका माणूस मालक म्हणून स्वीकारला जाण्याचा संभव लाखात एकाहून कमी, हाही कंपनीचाच दावा. तथापि २०२१ साली संशोधकांनी बनावट यूएसबी कॅमेरा जोडून मालकाची अवरक्त प्रतिमा संगणकाच्या गळी उतरवली; त्या वर्षीच्या जुलैत कंपनीला दुरुस्ती प्रसृत करावी लागली. चेहऱ्यामागे आकडी पिन असतेच, आणि ती जन्मसालासारखी सोपी ठेवली तर पुढच्या दाराला भक्कम कुलूप व मागचे दार सताड उघडे, अशी गत होते.

परंतु चोराची भीती हा या प्रश्नाचा लहानसा भाग झाला. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. शब्द माणसाच्या मनात असतो, चेहरा चारचौघांत उघडा असतो. कायद्याच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २० (३) सांगते. पण मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. हाच तर्क चेहऱ्यापर्यंत ताणला गेला, तर मनातील शब्दाला लाभू शकणारे संरक्षण चेहऱ्याला लाभणार नाही. शिवाय शब्द वदवून घ्यावा लागतो; यंत्र तोंडासमोर धरायला क्षणही पुरतो.

कचेरीत प्रश्नाचे रूप आणखी पालटते. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या इच्छेने लावलेले कुलूप वेगळे, आणि मालकाने बसवलेले हजेरीचे यंत्र वेगळे. पहिल्यात एका चेहऱ्याची एकाच आराखड्याशी तुलना होते व आराखडा त्याच यंत्रात राहतो. दुसऱ्यात सर्वांचे चेहरे एका मध्यवर्ती भांडारात जमा होऊ शकतात, आणि त्यांतून कोण कधी आले, कधी उठले, याची नोंद निघते. व्यवस्थापक मंडळी या दोहोंना ‘आधुनिकीकरण’ हे एकच नाव देतात, ते उगीच नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याची माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. ती वाट किती रुंद, हे न्यायालये ठरवतील. मालकवर्ग ती रुंदच समजणार.

म्हणून संघटनेने लेखी विचारावयाचे ते हे : आराखडा यंत्रातच राहतो की भांडारात जातो? नोंदी कोण पाहतो, किती दिवस ठेवतो? चेहरा न देणाऱ्यास पिनने काम करता येते काय, आणि त्याच्या बढतीवर त्याचा परिणाम होणार नाही याची हमी कोण देतो? नोकरी सुटल्यावर आराखडा पुसला गेल्याचा दाखला मिळतो काय? विंडोजमध्ये साठवलेला चेहरा काढून टाकण्याचे बटण आहे. संगणक घरचा असेल तर ते आजही दाबता येते. कचेरीच्या यंत्रावर ते बटण कोणाच्या हाती, याचे उत्तर पुढील वाटाघाटींच्या बैठकीत मागावयाचे आहे.