पाटीवर कोणाची नावं असतात?

(अंबरनाथ येथे महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठातल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या संशोधन गटात कोणकोण असतं, हा आजचा विषय ऐकून बऱ्याचजणी हसल्या. रेशन, पाणी, मारहाण हे सोडून हिने हे काय काढलं! मी एमएसडब्ल्यू केलेली बाई, गणिताशी माझा संबंध दहावीनंतर संपला. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुली आता अशा गटांत जायला लागल्या आहेत. त्यावरून घरात जी भांडणं होतात, ती आपल्या केंद्रावर येतात. म्हणून हा विषय.

पुस्तकी मराठीत याला द्रायुयामिकी म्हणतात. पाणी, हवा, धूर, वायू, जे जे वाहतं त्याच्या वागण्याचं हे शास्त्र. १८८३ साली मँचेस्टरच्या रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश वाहत होतं तोवर रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवल्यावर ती मोडली आणि रंग सगळीकडे मिसळला. आपल्याला वालधुनीच्या पुलावर उभं राहिलं की असा रंग फुकट बघायला मिळतो! २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस याच नदीत कोणीतरी रसायन ओतलं आणि वाफांनी उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना दवाखान्यात जावं लागलं. ते विष किती वेगाने, कुठवर पसरणार, हा प्रश्न याच शास्त्राचा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी आत होते. तिथे उल्हास किती चढणार, हाही याच शास्त्राचा प्रश्न. तेव्हा विषय आपला नाही असं कोणी म्हणू नये.

आता गटाबद्दल. वर एक प्राध्यापक, म्हणजे गाइड. त्याच्या हाताखाली पीएचडी करणारे, एमटेकचे विद्यार्थी, प्रकल्पाच्या पैशांवर नेमलेले सहायक. टाक्या-नळ्या जोडून देणारा वर्कशॉपचा मिस्त्री. आणि प्रयोगशाळा झाडणारी बाई, बहुतेक वेळा कंत्राटी. दारावरच्या पाटीवर शेवटच्या दोघांची नावं कधी नसतात. सहायकांची असलीच तर तात्पुरती.

नावाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. १९६३ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी तापलेल्या हवेच्या हालचालीवर एक निबंध लिहिला, तो जगभर गाजला. लेखक म्हणून नाव एकच. संगणकावर ती प्रचंड आकडेमोड केली एलेन फेटर या तरुणीने, तिचा उल्लेख शेवटी आभारात. तिच्याआधी हे काम मार्गारेट हॅमिल्टन करत होत्या, पुढे चंद्रावर जाणाऱ्या यानाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख झाल्या. लॉरेन्झ यांनी निदान आभार मानले, हेही सांगायला हवं. सगळेच मानत नाहीत.

आणि जर्मनीच्या अॅग्नेस पॉकेल्सना तर गटच नव्हता. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, भाऊ मात्र भौतिकशास्त्र शिकत होता. आजारी आईवडिलांचं करता करता त्यांनी स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पन्हाळीत, पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाचा तवंग कसा वागतो हे मोजलं. १८९१ साली इंग्लंडच्या रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते 'नेचर'मध्ये छापवून आणलं. भांडी घासताना तवंग आपण सगळ्याच बघतो. मोजायला सवड आणि छापायला ओळख लागते.

आपल्याजवळचं उदाहरण माटुंग्याचं. तिथली यूडीसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. आता ते इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी हे स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. तिथे ज्येष्ठराज जोशी यांच्या गटाने द्रवातून वायूचे बुडबुडे जातात तेव्हा काय होतं यावर वर्षानुवर्षं काम केलं. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत असे बुडबुडे रोज चालतात. पण मला जास्त आवडलं ते २०१२ साली छापलेलं त्यांचं स्वयंपाकाच्या भांड्यांवरचं काम: शिजवताना उष्णता कुठे वाया जाते, भांड्यांची रचना बदलून इंधन कसं वाचेल. लेखकांत अन्नतंत्रज्ञानाच्या रेखा सिंघल आहेत. चुलीपुढे जन्म काढणाऱ्या बायकांचा प्रश्न प्रयोगशाळेत गेला, ही मोठीच गोष्ट. बाई गटाची प्रमुख झाल्याचं उदाहरणही आहे. बंगळुरूच्या रमा गोविंदराजन यांना याच विषयातल्या कामासाठी २००७ साली भटनागर पुरस्कार मिळाला.

मग आपली मुलगी कुठे अडते? कॅम्प चारमधली एक आई केंद्रावर आली होती. मुलगी एमटेक झाली, पीएचडीला जागा मिळाली. सासरे होऊ घातलेले म्हणतात, पाच वर्षं कोण थांबणार? आईला अभिमानही होता आणि भीतीही. बदलापूर-सीएसएमटी अंतर सुमारे ६८ किलोमीटर. माटुंग्याला जलद गाडी सहसा थांबत नाही, दादरला बदला, नाहीतर धीमी धरा. येऊनजाऊन चार तास. पंप रात्रभर चालू ठेवून रीडिंग घ्यायची असतील तर मुलगा प्रयोगशाळेतच पथारी टाकतो. मुलीला साडेआठची गाडी धरायची म्हणून प्रयोग बंद करावा लागतो. मग गाइड म्हणतो, ही 'सीरियस' नाही. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूला गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता. मग अटी घालून घेतलं. आज दार बंद नाही. वसतिगृहाच्या खोलीची यादी मात्र लांब असते.

दुसरी अडचण गाइडची. पदवी, फेलोशिपच्या कागदावरची सही, निबंधावर नाव कितवं, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र, सगळं एका माणसाच्या हातात. कारखान्यातल्या मुकादमाकडेही इतकं नसतं. एका संस्थेतली मुलगी आमच्याकडे येऊन दोन तास रडली, पण तक्रार लिहायला तयार होईना. चार वर्षं पाण्यात जातील, म्हणाली. तिला भित्री म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही.

म्हणून दोन नियम घरी नीट सांगा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या बाईला बाळंतपण आणि मूल सांभाळण्यासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आणि पदवी पुरी करायला दोन वर्षं जास्त मुदत देण्याची तरतूद आली. २०२२ च्या नव्या नियमांतही ती आहे. लग्न की पीएचडी असं विचारणाऱ्यांना हे दाखवा. दुसरा, लैंगिक छळाविरुद्धची यूजीसीची २०१५ ची नियमावली. ती विद्यार्थिनींनाही लागू आहे. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदार मुलीचं काम तपासू नये, तिला गुण देऊ नयेत, अशी शिफारस समिती करू शकते. पंचवीस शिकलेल्या मुलींना मी विचारलं, हे कलम तिघींना माहीत होतं.

त्या कलमाचं साध्या मराठीत केलेलं टिपण मागच्या टेबलावर आहे. कॅम्प चारच्या त्या आईने दोन प्रती नेल्या, एक व्याह्यांसाठी. तुम्हीही जाताना घ्या आणि आता प्रश्न विचारा, सव्वानऊच्या कर्जत गाडीपर्यंत मी आहे.