मास्तरचा पगार आणि विद्यापीठाचें दार



आजच्या सभेपुढें दोन विषय ठेवले आहेत: पगारांतला न्याय आणि विद्यापीठाच्या प्रवेशांतला न्याय. आमच्या मतें हे दोन नसून एकच विषय आहे. आणि तो एका जुन्या कागदावरून आम्ही आपणांपुढें मांडतों.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनास निवेदन दिलें. त्यांतली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी पुष्कळांस ठाऊक आहे. पण त्याच कागदांत मास्तरच्या पगाराचा हिशेब आहे, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. मास्तर होतां होईल तों शेतकरी वर्गांतला असावा, नांगर हातीं धरण्यास तो लाजूं नये, त्यास दरमहा १२ रुपयांहून कमी देऊं नये, मोठ्या गांवीं १५ किंवा २० द्यावे, असें त्यांनीं मागितलें. आणि स्कॉलरशिपांविषयीं? परीक्षेच्या चढाओढीनें त्या वांटणें दिसावयास न्यायाचें असलें, तरी त्यानें मागें राहिलेल्या वर्गांत विद्या पसरत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. घरीं अभ्यास करणाऱ्यांस विद्यापीठानें बी. ए., एम. ए. च्या परीक्षांसहि बसूं द्यावें, हेंहि त्यांनीं सुचविलें.

जोतीरावांनीं हे दोन्ही हिशेब एकाच कागदांत कां मांडले? कारण चढाओढ परीक्षेच्या दिवशीं सुरू होत नाहीं. ती पहिलीच्या वर्गांत सुरू होते. तेथें मास्तर अर्धपोटीं असेल, तर पुढें बारा वर्षांनीं त्या पोराच्या हातीं येणाऱ्या गुणपत्रिकेस गुणवत्ता कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

आजची स्थिति पाहा. महाराष्ट्रांत नवा शिक्षक पहिलीं तीन वर्षें शिक्षण सेवक असतो; त्यास पगार नव्हे, मानधन मिळतें. प्राथमिक शाळेंत तें कित्येक वर्षें ६,००० रुपये होतें, २०२३ सालीं १६,००० झालें. तात्पुरता नोकर कायम नोकराचेंच काम करीत असेल, तर त्यास निदान त्या वेतनश्रेणीचें किमान वेतन मिळालें पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं जगजित सिंग खटल्यांत दिला. निकाल छापला गेला. मानधन हा शब्द कांहीं गेला नाहीं.

प्रवेशाबद्दल फार बोलत नाहीं. मद्रासेंतली प्रवेशांची जातवार वांटणी १९५१ सालीं न्यायालयानें मोडली, आणि त्याच सालीं घटनादुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठीं खास तरतुदीची वाट मोकळी झाली. तेव्हांपासून गुणवत्तेचा कंठशोष चालूच आहे. खाजगी वैद्यकीय कॉलेजांत १५ टक्क्यांपर्यंत जागा परदेशस्थांच्या नांवें भरमसाट फीवर जातात, त्या वेळीं मात्र या मंडळींचा घसा बसलेला असतो!

परंतु दुसऱ्याच्या घसा बसण्यावर हंसून आपण सुटत नाहीं. आपल्याच मंडळींनीं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठीं म्हणून काढलेल्या कॉलेजांतहि तासिका तत्त्वावर प्राध्यापक राबतात. तास घेतला तर पैसे. सुटी लागली कीं घरीं बसावें. त्यांतले किती तरी आपल्याच घरचे, आरक्षणाच्या जागेवर शिकून पदवी मिळविलेले. आंत येण्याचें दार आम्हीं भांडून उघडलें आणि आंत आलेल्यास हमालीच्या हिशेबानें पैसे मोजूं लागलों. सरकार पदें भरूं देत नाहीं, हें उत्तर आम्हांस माहीत आहे. तें खोटें नाहीं. पण इमारतींना पैसा मिळतो, सत्कारांना मिळतो, आणि सुटीच्या दोन महिन्यांत त्या माणसाच्या घरीं चूल कशी पेटते, हें विचारावयास संचालक मंडळाच्या सभेंत वेळ नसतो.

आतां एक ठराव येत आहे. आपल्या तालुक्यांतल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें कायम व तासिका शिक्षकांची संख्या आणि त्यांस प्रत्यक्ष हातीं पडणारा पैसा फळ्यावर लिहून लावावा, अशी मागणी त्यांत आहे. या सभेंत चार-पांच संस्थांचे संचालक पुढच्याच रांगेंत बसलेले आम्हांस दिसतात. पहिला हात त्यांनीं वर करावा, इतकें सांगून आम्ही खालीं बसतों.