तासावर राबणारा प्राध्यापक

(भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक. कॉलेजची पायरी चढलो ती मुलांच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापुरती. तरी आज प्राध्यापकांविषयी बोलायला उभे आहोत, त्याला कारण घडले.

मध्यंतरी आपल्या युनियनच्या ऑफिसात एक निवृत्त ट्रॅकमन आले. मूळ गोंदियाकडचे, चरोद्यात घर. मुलगा एम. ए., नेट, पीएच. डी. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात नऊ वर्षे शिकवतो. गावात त्याला सगळे "सर" म्हणतात. बाप खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, त्याच्या खोलीचं भाडं माझ्या पेन्शनीतून जाते. कोणाले सांगू नका." नाव आम्ही सांगत नाही. गोष्ट सांगायची परवानगी मुलाने स्वतः दिली आहे.

हा मुलगा "तासिका तत्त्वावर" आहे. जागा मंजूर, पण भरलेली नाही. ते काम तासांनी वाटून दिले जाते. पदवी वर्गाच्या एका तासाला महाराष्ट्र शासनाने 2022 साली नऊशे रुपये ठरवले. त्याला आठवड्याला नऊ तास मिळतात. चार आठवड्यांचा हिशोब केला तर बत्तीस हजार चारशे. आकडा ऐकून आमच्यातला एक साथी म्हणाला, "बरे आहे की!" तोच हिशोब मुलाने आम्हाला उलगडून दाखवला. दिवाळीची सुट्टी, पगार नाही. परीक्षा सुरू, तास बंद, पगार नाही. मे-जून कोरडे. जूननंतर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी ऑर्डर, कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात. बिल महिनोन्महिने अडते. पेपर तपासणे, फायली तयार करणे, पोरांना सहलीला नेणे हे सगळे "आपलेपणाने" करायचे. नाही म्हटले तर पुढच्या वर्षी ऑर्डर नाही. शेजारच्या खुर्चीतल्या कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातले सुरुवातीचे मूळ वेतनच 57,700 रुपये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली अतिथी अध्यापकाला तासाला पंधराशे आणि महिन्याला कमाल पन्नास हजार असे ठरवले होते. कागद दिल्लीचा, तिजोरी राज्याची.

साथींनो, हे ऐकताना आम्हाला आपल्या खात्यातले जुने लोक आठवले. ओपन लाइनवरच्या कॅज्युअल मजुराचे 120 दिवस सलग भरले की टेम्पररी स्टेटस द्यावे लागे. म्हणून दिवस भरत आले की ब्रेक. प्रोजेक्टवाल्यांना तर तोही आधार नव्हता. त्यांच्यासाठी 1985 साली इंदरपाल यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाने 360 दिवसांच्या हिशोबाची योजना मान्य केली. तेव्हा ज्याच्याकडे सर्व्हिस कार्ड होते, दिवसांची नोंद होती, तो आत आला. ज्याने कार्ड हरवले तो मुकादमाच्या मागे फिरत राहिला. टपालातल्या साथींना तर सांगायलाच नको. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल माणूस सरकारचा नोकर की नाही, यावर 1977 साली राजम्मा खटल्यात निकाल घ्यावा लागला, आणि ग्रामीण डाक सेवकांना 2018 च्या मे-जूनमध्ये पुन्हा संपावर बसावे लागले.

प्राध्यापकाची अडचण याहून वेगळी आहे. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, सुंदरांबाळ खटला म्हणतात त्याला, सुप्रीम कोर्टाने सांगितले की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक "कामगार" नाही. अंगमेहनत नाही, कारकुनी नाही, तांत्रिक काम नाही, म्हणून नाही. म्हणजे शाळेचा शिपाई लेबर कोर्टात जाऊ शकत होता, मास्तर नाही. त्या निकालाचा मान राखूनही आम्ही म्हणतो, तासाचे दाम ठरवून माणसाला लावायचे आणि तो कामगार नाही म्हणायचे, हे आमच्या मॅट्रिकच्या डोक्यात बसत नाही.

अमेरिकेत उलटी तऱ्हा आहे. तिकडे विद्यापीठात शिकता शिकता शिकवणाऱ्यांना टीचिंग असिस्टंट म्हणतात. मोटार कारखान्यांतल्या कामगारांची युनियन, युनायटेड ऑटो वर्कर्स, तीच कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या पोरांची युनियन. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे अठ्ठेचाळीस हजार लोक संपावर गेले आणि सहा आठवड्यांच्या आसपास टिकले. शिकवणाऱ्यांचे नऊ महिन्यांचे किमान वेतन सुमारे 23 हजार डॉलरवरून 34 हजारांपर्यंत नेण्याचा करार झाला. नटबोल्ट आवळणारा आणि पेपर तपासणारा एका पावतीपुस्तकावर!

आपल्याकडे वारे अगदीच उलटे आहे असे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. महिना तीस हजारांवर तेच काम करणाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीचे किमान वेतन द्या, असे सांगितले. पण अशा निकालाचा फायदा दारात आणायला संघटना लागते, आणि ही पोरे एकेकटी आहेत. एका जागेसाठी दोघे आपसात स्पर्धक.

आता भिलाईतली एक जुनी गोष्ट. 1 जुलै 1992 ला पॉवर हाऊस स्टेशनवर कारखान्यांतले कंत्राटी कामगार रुळावर बसले होते. शंकर गुहा नियोगींचा खून होऊन वर्षही झाले नव्हते. मागणी काय, कायम नोकरी आणि जगण्याइतका पगार. गोळीबार झाला, सोळा कामगार गेले. आम्ही नोकरीत नवे होतो. त्या दिवशी सकाळी आमच्यातले काही जण कोणती गाडी किती लेट, याचीच चर्चा करत होते. आम्हीही त्यात होतो. ही गोष्ट आजवर सभेत कधी सांगितली नव्हती.

म्हणून ठराव असा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी युनियनचा हॉल इथल्या अतिथी व्याख्यात्यांना आणि तासिकेवर शिकवणाऱ्या आपल्या मुलामुलींना विनाभाडे द्यावा. प्रत्येकाने वही ठेवावी. तारीख, तास, वर्ग, बिनपगारी काम, सगळे लिहावे. ऑर्डरच्या नकला ऑफिसात जमा कराव्यात. आपला वकील त्या पाहील. कार्यकारिणीत दोन साथींनी विरोध केला. त्यांचे म्हणणे, साहेब लोकांसाठी आपली वर्गणी का खर्चावी. ते दोघे समोर बसले आहेत. आमच्यानंतर त्यांना बोलू द्यावे आणि मग हात वर करून मत घ्यावे, अशी अध्यक्षांना विनंती आहे.