नेपथ्याविना शोकांतिका : मैफलीच्या मंचावरचा ‘ओतेल्लो’

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ऑपेरा म्हणजे मुख्यतः गाण्यातून घडणारं नाटक. त्याला नेपथ्य लागतं, वेशभूषा लागते, प्रकाशयोजना लागते. तरीही जगातले मोठमोठे वाद्यवृंद वेळोवेळी एखादा संपूर्ण ऑपेरा यातलं काहीही न वापरता सादर करतात. मंचावर वाद्यवृंद बसतो, त्याच्या मागे गायकवृंद उभा राहतो आणि अगदी पुढे मुख्य गायक. त्यांच्या अंगावर मैफलीचे साधे काळे कपडे, समोर स्वरलेखनाचं पुस्तक ठेवायचा स्टँड. महाल नाही, समुद्र नाही, तलवार नाही. याला कॉन्सर्ट ऑपेरा म्हणतात.

पुष्कळ रसिकांना ही केवळ काटकसर वाटते. नेपथ्याचा खर्च झेपत नाही, तालमींना महिने देता येत नाहीत, म्हणून केलेली तडजोड. खर्चाचं कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण आज मला जे मांडायचं आहे ते वेगळं आहे. शोकान्त ऑपेरा जेव्हा नेपथ्याविना सादर होतो, तेव्हा त्याच्या शोकाचा खरा उगम आपल्या डोळ्यांसमोर येतो. रंगमंचावरच्या प्रयोगात तो बहुतेक वेळा आपल्यापासून झाकलेला असतो. हे मी एकाच कलाकृतीच्या आधारे सांगणार आहे : जुझेप्पे व्हेर्दीचा ‘ओतेल्लो’.

कथा आपल्याला परकी नाही. शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये मराठीत आणलं. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं ‘झुंझारराव’ केलं आणि ते मराठी रंगभूमीवर गाजलं. म्हणजे मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ५ फेब्रुवारी १८८७ रोजी ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग झाला, त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्याकडे झुंझारराव उभा राहिला. एकाच नाटकाला दोन दूरच्या रंगभूमींनी जवळजवळ एकाच वेळी आपलंसं केलं होतं.

व्हेर्दी तेव्हा ७३ वर्षांचा होता. ‘आइदा’ या त्याच्या आधीच्या ऑपेराला पंधरा वर्षं उलटून गेली होती, आणि हा आता नवा ऑपेरा लिहिणार नाही असं लोक धरून चालले होते. कवी आरिगो बॉइटो याने त्याच्यासाठी संहिता रचली. शेक्सपिअरचा व्हेनिसमधला पहिला अंक त्याने गाळला आणि सगळं कथानक सायप्रस बेटावर नेलं. त्यामुळे पडदा उघडतो तो थेट वादळात.

त्या पहिल्या प्रयोगात चेलो वाजवणाऱ्यांत १९ वर्षांचा एक तरुण होता, आर्तुरो टोस्कानिनी. याच्या आदल्याच वर्षी त्याने ब्राझीलमध्ये वाद्यवृंदाचं संचालन करून नाव मिळवलं होतं. तरीही व्हेर्दीच्या नव्या कृतीत आपला हात लागावा म्हणून तो वादकांमध्ये जाऊन बसला. त्यानंतर साठ वर्षांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, ८० वर्षांच्या टोस्कानिनीने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एनबीसी या प्रक्षेपण कंपनीच्या स्टुडिओ ८-एच मध्ये हाच ऑपेरा मैफलीच्या स्वरूपात सादर केला. ६ तारखेला पहिले दोन अंक, १३ तारखेला उरलेले दोन. ओतेल्लोच्या भूमिकेत चिलीचा रामोन विनाय, त्याची पत्नी डेस्डेमोना हर्वा नेली, त्याच्या मनात संशय पेरणारा इयागो जुझेप्पे वाल्देंगो. प्रक्षेपण रेडिओवरून झालं. घरी बसलेल्या श्रोत्याला महाल तर दिसत नव्हताच, गायकही दिसत नव्हते. तरीही त्या प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण आज या ऑपेराच्या सर्वश्रेष्ठ मुद्रणांत गणलं जातं. ज्या माणसाने या संगीताचा जन्म वादकाच्या खुर्चीतून पाहिला होता, त्याला ते नेपथ्याविना उभं करताना काही उणं वाटलं नसावं. त्याच्या दृष्टीने नाटक कुठे होतं हे त्यावरून कळतं.

ते नाटक वाद्यवृंदात आहे. आणि रंगमंचावरच्या प्रयोगात वाद्यवृंद असतो कुठे? पिटमध्ये, म्हणजे रंगमंचाच्या पुढे खोल जागेत, प्रेक्षकांच्या नजरेखाली. आपण ऐकतो त्याला, पण पाहतो गायकांना. मैफलीत हाच वाद्यवृंद वर येतो आणि उजेडात बसतो. याचा परिणाम काय होतो, ते चार प्रसंगांतून पाहू.

पहिला प्रसंग वादळाचा. ‘ओतेल्लो’ला नांदीसारखी प्रस्तावना नाही, पहिल्याच ठोक्याला सगळा वाद्यवृंद कोसळतो. या वादळाच्या तळाशी ऑर्गनचे सर्वांत खालचे, लगतचे तीन स्वर एकत्र धरून ठेवलेले आहेत. आपल्या भाषेत षड्ज, कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ एकाच वेळी, मंद्राच्याही खाली. सूर म्हणून ते ओळखू येत नाहीत. जमीन हादरते आहे असं वाटतं. वादळ शमेपर्यंत ते थांबत नाहीत. रंगमंचावर या वेळी शिडं, दोर, विजा, धावणारी माणसं असतात आणि ही थरथर त्या गर्दीत विरून जाते. मैफलीत पाहण्यासारखं काही नसतं, म्हणून ती अंगाला जाणवते. ओतेल्लोचं जहाज सुखरूप किनाऱ्याला लागतं, ओतेल्लो विजयाची घोषणा करतो, पण आपल्याला तोवर हे समजून चुकलेलं असतं की या घरात पायाखालची भूमी स्थिर नाही.

दुसरा प्रसंग त्याच अंकाच्या शेवटचा. रात्र झाली आहे, पतिपत्नी एकटे आहेत. आधी एक चेलो, मग चार चेलो, आवाज दाबून, युगुलगीताची वाट मोकळी करतात. सबंध वादळानंतर चारच वादक वाजवत आहेत आणि बाकीचे हात मांडीवर ठेवून ऐकत आहेत, हे मैफलीत प्रत्यक्ष दिसतं. गीताच्या शेवटी चुंबनाची एक सुरावट येते. ती लक्षात ठेवा, कारण व्हेर्दी ती पुन्हा आणणार आहे. टोस्कानिनी १८८७ मध्ये याच चार चेलोंपैकी दुसरा चेलो वाजवत होता. तालमीत त्याने लिहिल्याप्रमाणे अगदी हळू वाजवलं, तेव्हा व्हेर्दीने स्वतः त्याला जरा मोठ्याने वाजवायला सांगितलं, अशी आठवण तो पुढे सांगत असे.

तिसरा प्रसंग दुसऱ्या अंकातला, इयागो स्वप्नाची गोष्ट सांगतो तो. ओतेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ झोपेत डेस्डेमोनाचं नाव घेत होता, अशी थाप इयागो ओतेल्लोच्या कानात सोडतो. संगीत जवळजवळ कुजबुजीचं, पाळण्याच्या लयीसारखं हलणारं. इथे इयागोला काहीही करायचं नसतं. हालचाल नको, वस्तू नको; हवा फक्त आवाज आणि ऐकणारा माणूस. मैफलीच्या मंचावर दोघं शेजारी उभे आहेत, इयागो समोर पाहून गातो आहे, ओतेल्लो जमिनीकडे पाहतो आहे. याहून अधिक काही दिग्दर्शकाला सुचलं तरी त्याने ते टाळावं, असं मला वाटतं. संशय कानातून शिरतो, आणि कानातून शिरणारा संशय दाखवायला मैफलीइतकी योग्य जागा नाही.

चौथा प्रसंग सर्वांत मोठा. शेवटच्या अंकाची सुरुवात इंग्लिश हॉर्नच्या एकट्या, उदास सुरांनी होते. डेस्डेमोना विलोच्या झाडाचं गाणं गाते, मग मेरीमातेची प्रार्थना. प्रार्थनेच्या शेवटी तिचा आवाज आणि व्हायोलिनं अतिशय उंच आणि अतिशय मंद जागी जाऊन थांबतात. आणि त्याच क्षणी, सगळ्यांत खालून, डबल बास एकटेच सुरू होतात. सुरुवातीला दुसरं कुठलंही वाद्य नाही. या ओळी वाजवायला इतक्या कठीण आहेत की जगभरच्या डबल बास वादकांना त्यांचा धाक वाटतो.

रंगमंचावर या वेळी ओतेल्लो चोरदरवाजाने आत येतो, तलवार ठेवतो, दिवा मालवतो, झोपलेल्या पत्नीकडे पाहत राहतो. आपली नजर त्याच्या पावलांवर असते. मैफलीत पावलं नाहीत. एका कोपऱ्यात डबल बासवाले एकदम गज उचलतात, बाकीचा सगळा मंच निश्चल राहतो. गायक अजून आपल्या खुर्चीत बसलेला असतो आणि तरी ओतेल्लो खोलीत आलेला असतो. मग पहिल्या अंकातली चुंबनाची सुरावट परत येते. ती ओतेल्लोच्या तोंडी नाही, वाद्यवृंदात आहे. तो काय गमावणार आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही. वाद्यवृंदाला उमगलेलं आहे. अगदी शेवटी, सत्य कळून स्वतःला संपवताना, ती तिसऱ्यांदा येते आणि ओतेल्लोचा अखेरचा शब्द अर्धाच राहतो.

श्रोतेहो, शोकांतिकेचं मर्म असं आहे की कुणाला तरी आधी कळलेलं असतं आणि ज्याला कळायला हवं त्याला फार उशिरा कळतं. ग्रीक नाटकात हे जाणणारा समूह प्रेक्षकांच्या समोरच उभा असे. व्हेर्दीच्या ऑपेरात ही जाण वाद्यवृंदाकडे आहे. त्याला पिटमधून वर आणलं की जाणणारा आणि न जाणणारा एकाच मंचावर, हाताच्या अंतरावर दिसतात. मला कॉन्सर्ट ऑपेराचं मोल वाटतं ते यासाठी.

आता जे हरवतं तेही सांगायला हवं. ‘ओतेल्लो’ची सगळी फसवणूक डेस्डेमोनाच्या एका हातरुमालावर उभी आहे. तिसऱ्या अंकात ओतेल्लो लपून पाहतो आणि कॅसिओच्या हातात तो रुमाल दिसतो. मैफलीत रुमाल नाही, लपायला खांब नाही. तिघं एका ओळीत उभे असतात. व्हेर्दीने इथे कॅसिओ आणि इयागोला हलकं, भरभर पळणारं संगीत दिलं आहे आणि ओतेल्लोला वेदनेचे तुटक उद्गार, त्यामुळे कानाला दोन जागा वेगळ्या कळतात. तरी डोळ्यांची उणीव उरतेच. डेस्डेमोनाचा जीव जातो ती झटापटही हरवते. दोन माणसांची शरीरं एकमेकांच्या जवळ असण्यातली भीती दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. म्हणून कॉन्सर्टने रंगमंचाची जागा घ्यावी असं मी म्हणत नाही. ज्याने ‘ओतेल्लो’ फक्त रंगमंचावर पाहिला, त्याने मैफलीत तो ऐकावा. आणि ज्याने फक्त ऐकला, त्याने एकदा रंगमंचावर पाहावा.

कॉन्सर्ट ऑपेराने गायकांनाही वाटा उघडून दिल्या. २० एप्रिल १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकन ऑपेरा सोसायटीने डोनिझेत्तीचा ‘लुक्रेझिया बोर्जा’ हा शोकान्त ऑपेरा मैफलीत सादर केला. ठरलेली गायिका मेरिलिन हॉर्न गाऊ शकली नाही, म्हणून तिकडे फारशी कुणाला माहीत नसलेली स्पॅनिश सोप्रानो मोंसेरात काबाये हिला उभं केलं. त्या एका रात्रीने ती जगाची गायिका झाली. रंगमंचावर तेव्हा क्वचितच येणारी कृतीही अशा मैफलीमुळे पुन्हा ऐकायला मिळाली. लुचानो पाव्हारोत्तीने ओतेल्लोची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही. १९९१ मध्ये जॉर्ज शोल्टीच्या संचालनाखाली शिकागो सिंफनीबरोबर त्याने ती मैफलीत गायली. रंगमंचाचा भार नसल्याने त्याच्या मृदू, उजळ आवाजाला या भूमिकेत एक वेगळं दुःख सापडलं, आणि ते आज ध्वनिमुद्रणात आपल्यासाठी जपलेलं आहे.

आपल्या मराठी कानाला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. नाट्यपद मैफलीत गाणं ही आपली लाडकी रीत आहे. पण मैफलीत आलं की पद नाटकातून मोकळं होतं. गवई त्यातला राग फुलवतो, आणि ते कुणी कुणाला कुठल्या प्रवेशात म्हटलं हे आठवायची गरज उरत नाही. कॉन्सर्ट ऑपेराची चाल याच्या उलट आहे. तिथे काहीच मोकळं होत नाही. चारही अंक क्रमाने, एकही पात्र न वगळता होतात, आणि ‘ओतेल्लो’त तर संगीत इतकं सलग वाहतं की मध्येच टाळी द्यायला जागा जवळजवळ नाहीच. आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायचं तर नाटकाचं अभिवाचन. चांगलं अभिवाचन ऐकलेल्या माणसाला हातात संहिता असूनही नाटक कसं उभं राहतं हे समजावून सांगावं लागत नाही.

अर्थात हे आपोआप घडत नाही. मैफलीत गायक वाद्यवृंदाच्या पुढे उभे राहिले की संचालक त्यांच्या पाठीमागे जातो; तेव्हा त्यांना तो दिसेल अशी पडद्याची सोय किंवा वेगळी मांडणी लागते. पिटमधून वर आलेला वाद्यवृंद आवाजाने गायकांना सहज गिळतो, म्हणून संचालकाला सगळी पातळी नव्याने बसवावी लागते. तिसऱ्या अंकाच्या अखेरच्या भव्य समूहगानात इयागो हळूच एकेकाच्या कानात कट पेरत फिरतो. ते शब्द आवाजांच्या लाटेत बुडतात ही अडचण व्हेर्दीलाही छळत होती, आणि १८९४ च्या पॅरिसमधल्या प्रयोगासाठी त्याने हा भाग नव्याने बांधला. मैफलीत गायकवृंद मागे आणि इयागो पुढे असतो, याचा इथे फायदा करून घेता येतो. व्हेनिसच्या दूतांची तुतारी सभागृहाच्या सज्जातून वाजवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचं, गायकाने आपलं गाणं नसतानाही ऐकत राहिलं पाहिजे. डेस्डेमोना प्रार्थना म्हणत असताना ओतेल्लोचा गायक पाण्याची बाटली शोधू लागला, तर शंभर वादकांनी उभी केलेली ती खोली एका क्षणात मोडते.

श्रोत्यांवरही जबाबदारी येते. संहिता आधी वाचून जावं. मंचाच्या वर चालणारी भाषांतराची ओळ जरूर वाचावी, पण तिच्यात अडकून राहू नये. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे. ऑपेराचं अवाढव्य नेपथ्य पेलणारी नाट्यगृहं आपल्याकडे मोजकी आहेत. उत्तम ध्वनीचं एक सभागृह, एक वाद्यवृंद आणि एक गायकवृंद मात्र जमवता येतो. म्हणून आपल्यासारख्या रसिकांसाठी या थोर शोकांतिकांकडे जाणारी ही खरीखुरी वाट आहे, आणि आपण ती कमी प्रतीची मानू नये.

तेव्हा अशी मैफल कुठेही होणार असली, तर जरूर जा. गायक गात असताना नजर अधूनमधून चेलोंकडे, डबल बासांकडे, इंग्लिश हॉर्नकडे जाऊ द्या. जे ओतेल्लोला उशिरा कळतं ते तिथे आधीच वाजत असतं. ते तुम्ही वेळेत ऐकलंत आणि त्याला मात्र सांगू शकला नाहीत, ही जी असहाय करुणा तुमच्या मनात उठेल, तीच शोकांतिकेने माणसाला द्यायची देणगी आहे. ती द्यायला वादक, गायक आणि लक्ष देऊन ऐकणारे आपण, एवढी माणसं पुरेशी आहेत.