राजीखुशीची शस्त्रक्रिया आणि फेरविचाराचा हक्क

(पालघर येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्यसेवेचे अर्थशास्त्र’ असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलले की ऐकणाऱ्यावर काही करण्याची जबाबदारी येत नाही. म्हणून मी आज एकाच शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे. डॉक्टरांच्या कागदावर तिचे नाव ‘हिस्टेरेक्टॉमी’ असते. बोईसरच्या चाळींत आणि डहाणूच्या पाड्यांवर तिला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. ही शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु तो निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला जातो, त्या वेळी पैसा, वेळ आणि माहिती कोणाच्या हाती असते, हे तपासणे अर्थशास्त्राच्या कक्षेत निश्चितच येते. वर्ग सुरू होण्यापूर्वी येथल्या दोघी भगिनींनी मला सांगितले की त्यांना शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली आहे. तेव्हा हा विषय केवळ चर्चेचा नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. गर्भाशयाचा कर्करोग असेल किंवा बाळंतपणात रक्तस्राव थांबतच नसेल, तर गर्भाशय काढणे हा प्राण वाचविण्याचा उपाय असतो. तेथे वाद नाही. परंतु गर्भाशयातील साध्या गाठी, पाळीत अतिरिक्त रक्त जाणे, अंग बाहेर येणे, यांसाठी होणारी शस्त्रक्रिया बहुधा घाईची नसते. तिला आठवडे, कधी महिने थांबता येते. तेथे निर्णय रुग्ण स्त्रीचा, असे मानले जाते, आणि तिच्या सहीखाली ती राजीखुशीने झाली असे लिहिले जाते. माझे सारे म्हणणे या ‘राजीखुशी’ शब्दापाशी आहे.

राजीखुशी म्हणजे काय?

या शब्दाची खोटी बाजू डहाणू-तलासरीच्या मातीला नव्याने शिकवावी लागत नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वारली नवराबायको जमीनदाराकडे राबत. त्या पद्धतीला ‘लग्नगडी’ म्हणत. कागदावर अंगठा त्यानेच उठवलेला असे. कोणी हात धरून उठवला, असा पुरावा सापडत नसे. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध आवाज उठविला तेव्हा सिद्ध झाले ते हेच, की पर्यायच नसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे.

आता २०१९ सालच्या बीड जिल्ह्याकडे पाहा. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या त्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. पुढे आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची मोजणी एकसारखी नाही, म्हणून एका आकड्याला दुसऱ्याने भागू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगितले असते. तरीही त्यांमधील अंतर पुरेसे बोलके आहे.

या स्त्रिया अडाणी होत्या म्हणून फसल्या, असा एक सोयीस्कर निष्कर्ष शहरात काढला गेला. तो मला मान्य नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि डॉक्टर म्हणतो, ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल.’ दर महिन्याचे तीन खाडे एका बाजूला आणि एकदाची शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला, असा हिशेब ती मांडते. तिच्यासमोर जेवढे आकडे ठेवले गेले, तेवढ्यांपुरता तो हिशेब चोख असतो. जे आकडे तिला कोणी दाखविलेच नाहीत, त्यांत खोट असते. अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. तरुण वयात ती आली तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली तर पुढचा हंगामही गहाण पडतो.

पालघरला बीड म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या साखळीने बीडची स्त्री बांधली गेली, तिच्या कड्या येथेही आहेत. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन जाणारी आदिवासी जोडपी येथलीच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असणाऱ्या स्त्रीला महिन्याला तीन खाडे परवडत नाहीत, कारण फाटकाबाहेर दुसरी उभी असते. सातपाटीची कोळीण डोक्यावर ओझे वाहते. बाळंतपणानंतर लवकर जड ओझे उचलले की अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो. जवळ विशेषज्ञ नसला की डहाणू-तलासरीची माणसे वापी, वलसाड किंवा सिल्वासा गाठतात. इतक्या दूर गेलेली बाई ‘विचार करून पुढच्या आठवड्यात येते’ असे म्हणू शकत नाही. तिच्याजवळ पुढच्या आठवड्याचे गाडीभाडे नसते.

बाजार येथे का चालत नाही?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीबाजारासारखी वस्तू नव्हे. भाजी घेणाऱ्याला भेंडी कोवळी की जून, हे कळते. रुग्णाला मात्र आपल्याला कशाची गरज आहे, हे विकणाराच सांगतो. मागणी किती असावी हे पुरवठा करणाराच ठरवू लागला म्हणजे ग्राहकाचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. डॉक्टर प्रामाणिक असेल तर हे अंतर विश्वासाने भरून निघते, आणि असे डॉक्टर आपल्या जिल्ह्यातही आहेत. परंतु समाजाची व्यवस्था व्यक्तीच्या सज्जनपणावर सोडता येत नाही.

यात विम्याने भर घातली. २००८ साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण मिळाले. हेतू चांगला होता. परंतु पैसे मिळत ते रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांचे. २०१२ साली बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्यात या योजनेखाली अनावश्यक गर्भाशये काढल्याचा प्रकार उघडकीस आला. त्याचे मूळ या रचनेत आहे. लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, सहा महिन्यांची औषधे, पुन्हा पुन्हा तपासणी, यांचा खर्च रुग्णाच्या पदरातून. आणि शस्त्रक्रिया मात्र फुकट! गरीब स्त्रीने ‘फुकट’ ते निवडले, यात नवल कोणते?

डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अशा शस्त्रक्रियांबाबतच्या त्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला. बळी पडलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय स्त्रियाच बहुसंख्य असल्याची नोंद त्यात आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश न्यायालयाने राज्यांना दिला. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, असे ती तत्त्वे सांगतात.

फेरविचार म्हणजे नकार नव्हे

येथे एक धोका आहे. अनावश्यक शस्त्रक्रियेविरुद्ध बोलता बोलता आपण स्त्रीला ‘सोस थोडे’ असे सांगू लागतो. दर महिन्याला दहा दिवस रक्त जाणारी, हिमोग्लोबिन सातावर आलेली बाई काय भोगते, हे तिलाच ठाऊक. तिच्या वेदनेला आपल्या चळवळीचे उदाहरण करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मला स्वतःला चव्वेचाळिसाव्या वर्षी गाठींसाठी ही शस्त्रक्रिया सुचविण्यात आली होती. तारीखही ठरली होती. मी ती पुढे ढकलली, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले, दीड वर्ष औषधोपचार केले. त्रास आटोक्यात येईना, तेव्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि मला बरे वाटले. सांगण्याचा मुद्दा वेगळा आहे. मला भरपगारी रजा होती, दुसऱ्या डॉक्टरांची फी देण्याची ऐपत होती, आणि प्रश्न विचारला म्हणून कोणी माझ्यावर खेकसले नाही. माझा फेरविचार हा माझ्या शहाणपणाचा नव्हे, माझ्या पगाराचा पुरावा होता. जी गोष्ट प्राध्यापिकेला पगारामुळे मिळते, ती वीटभट्टीवरच्या मजुरणीला हक्क म्हणून मिळावी, एवढाच समाजवादाचा येथे अर्थ आहे.

हा हक्क प्रत्यक्षात आणता येतो, याला आधार आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात समाजवादी विचारांच्या सरकारने १९६२ साली सार्वजनिक वैद्यकीय विमा आणला. तेथेही या शस्त्रक्रिया वाढू लागल्या, तेव्हा १९७२ साली डॉक्टरांच्याच नियामक मंडळाने तपासणी समिती नेमली. काही वर्षांतच, तपासलेल्या रुग्णालयांत असमर्थनीय ठरणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतात १९८४ साली वृत्तपत्रे आणि नभोवाणीवरून या शस्त्रक्रियेची माहिती लोकांना देण्यात आली. त्यानंतर तेथे तिचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. एका ठिकाणी देखरेख होती, दुसऱ्या ठिकाणी केवळ माहिती. यासाठी डॉक्टरांशी शत्रुत्व करावे लागले नाही.

आपण काय करावयाचे?

पहिले काम माहितीचे. तारीख मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. मला नेमका कोणता आजार आहे आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? थांबले तर काय होईल? शस्त्रक्रियेखेरीज कोणता उपाय आहे? अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का? काढलेले गर्भाशय तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविणार ना? उपाय अनेक असतात हे तिला ठाऊक असावे. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि त्यावर औषधे आहेत. अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, तसेच तांबीसारखे बसवावयाचे, संप्रेरक सोडणारे साधन आहे. काही वेळा गाठ तेवढी काढता येते. रजोनिवृत्तीनंतर गाठी बहुधा आक्रसतात. अंग बाहेर येण्यावर आधाराची रिंग मिळते. कर्करोगाचे भय घातले गेले तर त्याची तपासणी आधी मागावी. भीती हे निदान नव्हे. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो, म्हणून रक्त कमी असलेल्या स्त्रीने ती तपासणीही करून घ्यावी.

दुसरे काम सोबतीचे. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय असो वा जव्हारचे कुटीर रुग्णालय, दुसरे मत घेण्यासाठी जाणाऱ्या स्त्रीबरोबर आपली एक कार्यकर्ती असावी, आणि तिचे गाडीभाडे संघटनेने द्यावे. मोर्चाच्या फलकाला लागतो, त्याहून हा खर्च अधिक नाही. सही तिची स्वतःची हवी, हेही तेथे सांगावे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने, तातडीचा प्रसंग नसताना, नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही. तपासणीपुरती दिलेली संमती गर्भाशय काढण्यास पुरत नाही.

तिसरे काम कामगार संघटनांचे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. गर्भाशय काढलेल्या स्त्रीचा विचार त्यात नव्हता. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, पण त्यासाठी कंत्राटी कामगाराचे नाव नोंदलेले आणि वर्गणी भरलेली असावी लागते. तारापूरच्या प्रत्येक फाटकावर ही नोंद तपासा. तिच्यासोबत स्वच्छ संडास आणि पाळीच्या दिवसांतील खाड्यावर दंड नको, या मागण्या बोनसच्या मागणीइतक्याच ठामपणे मांडा. बोनस पुढच्या वर्षीही मागता येतो, काढलेले गर्भाशय परत मागता येत नाही.

चौथे काम जिल्हा प्रशासनाशी. देखरेख समितीच्या बैठका किती झाल्या, दरवर्षी जिल्ह्यात किती गर्भाशये काढली गेली, त्यांत चाळिशीच्या आतील स्त्रिया किती, कारणे कोणती, ही माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागा आणि मिळेल ती याच पानावर छापा.

हे सारे केल्यानंतरही काही स्त्रिया शस्त्रक्रिया करून घेतील. त्यांनी ती अवश्य करून घ्यावी, आणि नंतरचे सहा आठवडे त्यांच्या घरी पाणी कोण भरील याची व्यवस्था आपल्या शाखेने करावी. काही जणी थांबतील. दोघींनीही पर्याय समोर ठेवून, उपाशी न राहता आणि कोणाला न घाबरता ठरविले असेल, तेव्हाच त्या कागदावरचा ‘राजीखुशीने’ हा शब्द खरा होईल.